नार्नियाचा निर्माता

आई बरी व्हावी म्हणून नऊ वर्षांच्या मुलाने प्रार्थना केली. ती फळाला आली नाही. ऑगस्ट १९०८ मध्ये बेलफास्ट येथे फ्लोरा लुईस यांचे कर्करोगाने निधन झाले. 'नार्निया'च्या सात कादंबऱ्यांचे लेखक सी. एस. लुईस यांच्या आयुष्याचा शोध येथूनच सुरू करावा लागतो.

२९ नोव्हेंबर १८९८ रोजी जन्मलेल्या लुईस यांची आईच्या मृत्यूनंतर लगेचच इंग्लंडमधील निवासी शाळेत रवानगी झाली. किशोरवयातच ते नास्तिक झाले. पहिल्या महायुद्धात ते जखमी झाले आणि १९२५ पासून ऑक्सफर्डमध्ये अध्यापन करू लागले. श्रद्धा परतली ती सावकाश. मरून पुन्हा उठणाऱ्या देवांच्या पुराणकथा त्यांना पूर्वीपासून मोहवीत. ख्रिस्ताची कथाही तशीच, मात्र प्रत्यक्ष घडलेली, हे मित्र टॉल्किन यांचे म्हणणे त्यांना सप्टेंबर १९३१ मध्ये, रात्री उशिरापर्यंत रंगलेल्या चर्चेनंतर पटले.

१९५० मध्ये नार्नियामालेतील पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यातील अस्लान हा सिंह (तुर्की भाषेत या शब्दाचा अर्थच सिंह) फितूर झालेल्या एडमंडच्या बदल्यात शिळेवर प्राण देतो आणि पहाटे पुन्हा उभा राहतो. बायबल ठाऊक असलेल्यास खूण चटकन पटते. नसलेले मूल केवळ सिंहासाठी रडते. लुईस याला रूपककथा म्हणत नसत. दुसरे एखादे जग असते आणि तेथे देव अवतरला असता तर काय घडले असते, ही त्यांची कल्पना होती. गंमत अशी, की टॉल्किन यांनाच ही सरमिसळ रुचली नाही. अखेरच्या भागात सुझन नार्नियाबाहेर राहते, यावर पुढे फिलिप पुलमन यांच्यासारख्या लेखकांनी टीका केली. हा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही.

मात्र या मालेचे मर्म १९५५ च्या 'द मॅजिशियन्स नेफ्यू'मध्ये सापडते. डिगरीची आई मरणपंथाला लागलेली आहे. बागेतील सफरचंद चोरून आईला नेण्याचा मोह चेटकीण त्याला घालते. एदेनच्या बागेतला तो जुनाच प्रसंग. पण येथे मुलगा मोहाला बळी पडत नाही. तो रिकाम्या हातांनी परतण्यास तयार होतो. त्याचे दुःख पाहून सिंहाच्या डोळ्यांत त्याआधीच आसवे तरळलेली असतात. मग अस्लान स्वतःच त्याला फळ देतो आणि आई बरी होते. बेलफास्टच्या घरात जे घडले नाही, ते सत्तेचाळीस वर्षांनी कादंबरीत घडले.

पत्नी जॉय यांनाही कर्करोगानेच ग्रासले. १९६० मध्ये त्या गेल्या, तेव्हा श्रद्धेला गेलेले तडे लुईस यांनी टोपणनावाने लिहिलेल्या पुस्तकात निर्भीडपणे नोंदवले.

२२ नोव्हेंबर १९६३ रोजी लुईस यांचे निधन झाले. त्याच दिवशी केनेडी यांची हत्या झाल्याने ही बातमी झाकोळली. आई गेली त्या दिवशी वडिलांच्या दिनदर्शिकेवर शेक्सपिअरची एक ओळ होती. थोरले बंधू वॉरन यांनी तीच लुईस यांच्या थडग्यावर कोरून घेतली.