मार्कोनी : यंत्र बोलके, कंपनी अबोल

बिनतारी संदेशाचा जनक म्हणून मार्कोनीचे नाव आपण सर्वांनी शाळेत घोकले आहे. त्या जनकत्वाबद्दल पुष्कळ वाद आहे. कलकत्त्यात जगदीशचंद्र बोस यांनीही त्याच सुमारास विद्युतलहरींचे प्रयोग दाखवले होते. तो वाद पदार्थविज्ञानाच्या मित्रांवर सोपवतो. मी पडलो वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. मला त्याच्या लहरींपेक्षा त्याच्या कंपनीचे चरित्र अधिक उद्बोधक वाटले.

गुग्लिएल्मो मार्कोनी २५ एप्रिल १८७४ रोजी इटलीतील बोलोन्या येथे जन्मला. वडील जमीनदार, आई आयरिश. १८९५ मध्ये त्याने घराजवळच्या टेकडीपलीकडे संदेश धाडला. पुढच्या वर्षी तो इंग्लंडला गेला आणि १८९७ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, त्याची कंपनी उभी राहिली. डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिकपार ‘एस’ या अक्षराचे तीन ठिपके ऐकल्याचे त्याने जाहीर केले आणि त्याची कीर्ती जगभर झाली.

खरी गंमत पुढे आहे. मार्कोनी जहाजांना यंत्र विकत नसे, भाड्याने देई, आणि यंत्रासोबत आपला पगारी माणूसही देई. या माणसांना सक्त ताकीद असे की, संकटाचा प्रसंग वगळता, दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी बोलायचे नाही. लहरींना कंपनी कळत नाही, पण मालकाला कळते! १९०२ साली जर्मन सम्राटाचा भाऊ राजपुत्र हाइनरिक अमेरिकेहून परतत होता. जहाजावर जर्मन बनावटीचे यंत्र होते. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांना आभाराचा संदेश धाडावा म्हणून त्याने प्रयत्न केला. मार्कोनीच्या केंद्रांनी तो घेतला नाही.

बाजारपेठ काबीज करण्याची ही युक्ती हुशारीची होती, हे मान्य केले पाहिजे. ज्याची केंद्रे जास्त, त्याच्याकडेच नवे गिऱ्हाईक जाणार. परंतु समुद्र काही कोणाच्या मालकीचा नव्हे. जर्मनीने १९०३ मध्ये बर्लिनला परिषद बोलावली. तेथे इंग्लंड व इटली अडून बसले. अखेर १९०६ च्या बर्लिन करारात ठरले की यंत्र कोणत्याही पद्धतीचे असो, किनाऱ्यावरील केंद्र व जहाज यांनी परस्परांचे संदेश घेतलेच पाहिजेत. जुलै १९०८ पासून तो अमलात आला. माझी आत्या बालाघाट जिल्ह्यातील किरनापुरला असते. तिचा मोबाईल एका कंपनीचा, माझा दुसऱ्या. तरी आमचे बोलणे तासभर चालते. या सोयीमागे तोच जुना प्रश्न आहे.

१९०९ चे नोबेल पारितोषिक मार्कोनीला प्रतिस्पर्धी गोटातील जर्मन शास्त्रज्ञ ब्राऊन याच्यासोबत वाटून घ्यावे लागले. एप्रिल १९१२ मध्ये टायटॅनिक बुडाली, तेव्हा बिनतारी हाकेमुळेच कार्पेथिया धावून आली व सुमारे सातशे जीव वाचले. याहून जवळ असलेल्या कॅलिफोर्नियनचा बिनतारी कर्मचारी मात्र यंत्र बंद करून झोपला होता. दोन्हीकडे मार्कोनीचीच यंत्रे होती. म्हणजे नुसता करार पुरेसा नव्हे, कोणीतरी जागेही राहावे लागते. १९१४ च्या सागरी सुरक्षा करारात अखंड पहाऱ्याचे कलम आले.

आपल्याकडे मार्कोनीची ‘बीम’ पद्धत १९२७ मध्ये आली. खडकीहून संदेश जात व दौंडला येत. एकाच जागी दोन्ही का नाही? स्वतःच्याच प्रक्षेपणाच्या गोंगाटात दूरचा क्षीण आवाज ऐकू येत नाही म्हणून. इंग्लंडातही ग्रिम्सबी व स्केगनेसजवळ अशीच वेगवेगळी केंद्रे होती. ही बिनतारी सेवा इतकी स्वस्त पडली की समुद्री तारेच्या कंपन्यांचा धंदा बसू लागला आणि १९२९ मध्ये दोन्ही धंद्यांचे एकत्रीकरण करावे लागले. ज्याने दुसऱ्यांशी बोलण्यास मनाई केली होती, त्याचीच कंपनी शेवटी दुसऱ्यांत मिसळली.

उत्तरायुष्यात तो मुसोलिनीच्या पक्षात सामील झाला, हे मला खटकते. त्याच्या चरित्रातून ते पान गाळता येत नाही.

२० जुलै १९३७ रोजी रोममध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या सन्मानार्थ ठिकठिकाणची बिनतारी केंद्रे दोन मिनिटे गप्प राहिली.