जिम कॉर्बेट

एडवर्ड जेम्स ऊर्फ जिम कॉर्बेट (जन्म : २५ जुलै १८७५, नैनिताल, मृत्यू : १९ एप्रिल १९५५, न्येरी, केनिया) हे ब्रिटिश भारतातील शिकारी, निसर्ग-अभ्यासक, लेखक आणि वन्यजीव-संरक्षणाचे पुरस्कर्ते होते. कुमाऊँ व गढवाल या डोंगराळ प्रदेशांत नरभक्षक वाघ आणि बिबटे मारून त्यांनी असंख्य खेड्यांना भयमुक्त केले. त्यांच्या जडणघडणीत भेट मिळालेल्या शस्त्रांना विशेष स्थान आहे. बालपणी आप्तांनी दिलेल्या गलोल आणि बंदुकीपासून ते शासनाने बहाल केलेल्या रायफलीपर्यंत प्रत्येक भेटीबरोबर त्यांच्यावर एकेक जबाबदारीही आली.

बालपण आणि पहिली शस्त्रे

कॉर्बेट यांचे वडील ख्रिस्तोफर विल्यम हे नैनितालचे पोस्टमास्तर होते. १८८१ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा जिम अवघ्या पाच वर्षांचे होते. मोठ्या कुटुंबाचा भार आई मेरी जेन आणि थोरला भाऊ टॉम यांच्यावर आला. कुटुंब उन्हाळ्यात नैनितालला आणि हिवाळ्यात पायथ्याच्या कालाढुंगीला राहत असे. कालाढुंगीच्या जंगलातच जिम यांना पशुपक्ष्यांचे आवाज आणि माग ओळखण्याचा छंद लागला.

न्यूमोनियाने ते अंथरुणाला खिळले असताना त्यांना जगण्याची उमेद यावी म्हणून टॉमने त्यांना एक गलोल दिली. पुढे स्टीफन डीझ या चुलतभावाने त्यांना ठासणीची दुनळी बंदूक दिली. डीझ कुमाऊँच्या पक्ष्यांचे नमुने जमवीत होते आणि बंदुकीची ही भेट त्याच कामाशी जोडलेली होती. बंदूक जुनी होती. तिची उजवी नळी फुटलेली होती, आणि नळ्या व दस्ता पितळी तारेने एकत्र बांधलेले होते. तरीही तिने मुलाला मोठ्यांच्या जगात प्रवेश मिळवून दिला. चांदनी चौक या गावाचा मुखिया आणि चोरट्या शिकारीत तरबेज असलेला कुंवरसिंग याने बंदूकधारी जिमचे कौतुक केले आणि त्याला जंगलात वावरण्याचे धडे दिले. त्याच्या मते जंगलात निर्भयपणे फिरू इच्छिणाऱ्याला बंदुकीइतकेच झाडावर चढण्याचे कौशल्यही आवश्यक होते.

नैनितालच्या शाळेतील कॅडेट दलात असताना तेथील सार्जंट-मेजरने जिम यांना .४५० बोअरची मार्टिनी रायफल वापरायला दिली. रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकामी काडतुसे परत आणून द्यायची, अशी अट होती. याच रायफलीने त्यांनी आपला पहिला बिबट्या मारला.

रेल्वेतील नोकरी

शिक्षण संपल्यावर कॉर्बेट बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंधन निरीक्षक म्हणून रुजू झाले. नंतर मोकामा घाट येथे गंगेच्या तीरावर मालाची चढउतार करून घेण्याचे कंत्राट त्यांनी दीर्घकाळ सांभाळले. पहिल्या महायुद्धात कुमाऊँमधील सुमारे ५०० माणसांची श्रमिक तुकडी उभारून ते तिच्यासह फ्रान्सला गेले.

चंपावतची वाघीण आणि नैनितालचा दरबार

चंपावतच्या नरभक्षक वाघिणीने नेपाळ आणि कुमाऊँमध्ये मिळून ४३६ माणसे मारल्याची नोंद आहे. १९०७ मध्ये कॉर्बेट तिच्या मागावर गेले. १८७८ च्या शस्त्र कायद्यामुळे सामान्य भारतीयाला परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नसे, आणि डोंगरातील शेतकरी वाघासमोर जवळजवळ निःशस्त्र होता. हाक्यासाठी माणसे जमवताना चंपावतच्या तहसीलदारांनी विनापरवाना बंदुकांकडे काणाडोळा करण्याचे आणि दारूगोळा पुरवण्याचे जाहीर केले. तेव्हा घरोघरी दडवून ठेवलेली नाना प्रकारची जुनाट हत्यारे बाहेर आली आणि सुमारे ३०० गावकरी हाक्याला उभे राहिले.

कॉर्बेट यांच्याजवळची काडतुसे संपली तेव्हा वाघीण जखमी झाली होती, परंतु जिवंत होती. त्यांनी धावत जाऊन तहसीलदारांची बंदूक घेतली. तिची नळी आणि पाठीमागचा भाग यांच्यात फट होती, तरी धोका पत्करून त्यांनी तीच चालवली. नेम चुकून गोळी पंजाला लागली, पण आधीच्या जखमांनी वाघीण कोसळली.

काही महिन्यांनी संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्यूएट यांनी नैनितालला दरबार भरवला. त्यात तहसीलदारांना बंदूक, आणि वाघिणीने नेलेल्या मुलीचा शोध घेताना कॉर्बेट यांच्यासोबत राहिलेल्या माणसाला शिकारीचा सुरा देण्यात आला. दोन्ही शस्त्रांवर मजकूर कोरलेला होता. ही शस्त्रे त्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपली जातील, याचा आनंद कॉर्बेट यांनी पुढे आपल्या पुस्तकात नोंदवला. स्वतः कॉर्बेट यांना ह्यूएट यांच्याकडून लंडनच्या रिग्बी कंपनीची .२७५ बोअरची रायफल मिळाली. तिच्या दस्त्यावरील चांदीच्या पट्टीवर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख आहे. पट्टीवर त्यांच्या नावाची आद्याक्षरे मात्र चुकली आहेत.

ही हलकी रायफल त्यांची आवडती झाली. ६४ बळी घेणाऱ्या चौगढच्या वाघिणीशी एप्रिल १९३० मध्ये त्यांची अचानक गाठ पडली, तेव्हा त्यांच्या डाव्या हातात रातव्या पक्ष्याची अंडी होती. त्यांनी केवळ उजव्या हाताने रायफल हळूहळू वळवून वाघिणीला टिपले. अंडी शाबूत राहिली आणि ती त्यांनी जागच्या जागी परत नेऊन ठेवली.

संरक्षण आणि लेखन

१९२० च्या दशकानंतर कॉर्बेट यांचा ओढा छायाचित्रण आणि चलच्चित्रणाकडे वाढला. हौसेखातर होणारी वाघांची शिकार त्यांना खटकू लागली. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीस त्यांनी साहाय्य केले. १९५७ मध्ये या उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले. 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊँ' हे त्यांचे पुस्तक १९४४ मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसच्या मुंबई शाखेने प्रकाशित केले. पहिल्या आवृत्तीचे मानधन त्यांनी युद्धात अंध झालेल्या भारतीय सैनिकांसाठी दिले. 'माय इंडिया' (१९५२) आणि 'जंगल लोअर' (१९५३) ही त्यांची अन्य पुस्तकेही प्रसिद्ध आहेत. बालपणीच्या शस्त्रांची हकिकत 'जंगल लोअर'मध्ये येते.

अखेरचा काळ आणि वारसा

कॉर्बेट अविवाहित राहिले. नोव्हेंबर १९४७ मध्ये बहीण मॅगीसह ते केनियाला स्थायिक झाले. कालाढुंगीजवळ त्यांनी वसवलेल्या छोटी हल्द्वानी गावातील जमीन त्यांनी ती कसणाऱ्यांना देऊन टाकली. रानटी जनावरांपासून पिकांची राखण करता यावी म्हणून एक बंदूकही गावातील विश्वासू सहकाऱ्याकडे सोपवली. लहानपणी शस्त्र भेट म्हणून स्वीकारणाऱ्या कॉर्बेट यांनी भारत सोडताना ते दुसऱ्याच्या हाती दिले. या भेटीमागे शिकारीची हौस नव्हती, शेतकऱ्याची गरज होती.

१९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. ह्यूएट यांनी दिलेली रायफल पुढे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे होती. नंतर ती रिग्बी कंपनीने मिळवली आणि २०१६ मध्ये भारतात आणून कॉर्बेट यांच्या कर्मभूमीतील लोकांना दाखवली. कालाढुंगी येथील त्यांच्या घरात आता संग्रहालय आहे.