डॉ. रिछारियांचे धानधन

धरमपेठेतल्या दुकानात तांदूळ घेताना आपण भाव आणि दाणा एवढेच पाहतो. भंडारा-गोंदियाच्या शेतकऱ्याला मात्र धान किती दिवसांत निसवते, गादमाशीला बळी पडते काय, पाऊस ओढल्यास तग धरते काय, तणस गुरांना पुरेल काय, हे सारे पाहावे लागते. या गुणवैविध्याच्या मोजदादीपायी ज्यांनी पदही गमावले, त्या डॉ. राधेलाल रिछारिया यांचे स्मरण म्हणूनच अगत्याचे आहे.

१९०९ साली जन्मलेले रिछारिया केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन परतले आणि १९५९ मध्ये कटकच्या केंद्रीय तांदूळ संशोधन संस्थेचे संचालक झाले. परदेशी बुटके वाण पुरेशा तपासणीविना पसरविल्यास त्यांच्यासोबत रोगही पसरतील, असे त्यांचे मत होते. सरकारी धोरणाला ते मानवले नाही व त्यांना पद सोडावे लागले. न्यायालयात पुढे त्यांची सरशी झाली. पण कार्याची मोलाची वर्षे गेली ती गेलीच.

१९७१ पासून त्यांनी रायपूर येथे नव्याने आरंभ केला. १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचाच भाग असलेल्या छत्तीसगडातून त्यांनी १७ हजारांहून अधिक नमुने गोळा केले. उंची, पक्वतेचा काळ, दाण्याचा आकार, सुवास अशा नोंदींवाचून बियाण्याची पुडी मुकी असते, हे ते जाणून होते. काही देशी वाण उत्पन्नातही नव्यांच्या तोडीचे असल्याचे त्यांनी दाखविले. पुढे ती संस्थाच बंद झाली. १९९६ मध्ये ते निवर्तले. त्यांचा संग्रह आज रायपूरच्या कृषी विद्यापीठात आहे.

नव्या वाणांनी देशाची भूक भागविली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु त्या वाणांनाही जुन्यांचाच आधार लागला. धान खुरटविणाऱ्या एका विषाणुरोगावर उपाय शोधताना शास्त्रज्ञांनी ६ हजारांहून अधिक नमुने तपासले. हवा तो गुण सापडला उत्तर प्रदेशातील एका रानटी धानात. त्यावरूनच १९७६ चा आय.आर. ३६ हा वाण रोगाला पुरून उरला. तोवर त्या रानधानाला कोण विचारीत होते?

आपल्याकडील चिन्नोर, लुचई, हिरानखी यांच्या ठायी उद्याच्या कोणत्या संकटाचे उत्तर दडले आहे, हे आज सांगता येत नाही. म्हणूनच ते केवळ जपून भागणार नाही. पेरून, पारखून त्यांचे गुण नोंदविले पाहिजेत. डॉ. रिछारियांचे ऋण फेडण्याचा हाच मार्ग होय.