धावून झाल्यावरही धाप का लागते? उत्तर शोधणारे ए. व्ही. हिल

मधल्या सुट्टीत मैदानाला फेरी मारून आलेलं मूल थांबतं, पण त्याची धाप थांबत नाही. धावणं तर संपलं, मग शरीर अजून कसली मेहनत करतंय? आर्चिबाल्ड व्हिव्हियन हिल यांच्या संशोधनाने या प्रश्नाचं उत्तर दिलं.

हिल यांचा जन्म १८८६ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथे झाला. ते लहान असतानाच वडील घर सोडून गेले; आईने त्यांना वाढवलं. केंब्रिजमध्ये ते गणित शिकले, पण शिक्षकांच्या सल्ल्याने शरीरक्रियाशास्त्राकडे वळले.

स्नायूंमध्ये तयार होणारी उष्णता ते मोजत. काम थांबल्यावरही स्नायू उष्णता सोडत राहतो आणि त्यासाठी ऑक्सिजन वापरतो, असं त्यांना दिसलं. या कामासाठी १९२२ चं नोबेल पारितोषिक त्यांना ओटो मायरहोफ यांच्यासोबत मिळालं.

हिल स्वतः धावपटू होते. मँचेस्टरमध्ये पाठीवर पिशवी बांधून ते धावत आणि उच्छ्वासाची हवा तिच्यात गोळा करत. जोरात धावताना शरीराला जेवढा ऑक्सिजन हवा, तेवढा लगेच मिळत नाही. ही उधारी नंतर धापा टाकून फेडली जाते. याला त्यांनी 'ऑक्सिजनचं कर्ज' म्हटलं. १९२६ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी नसा आणि स्नायूंचं काम खास मुलांसाठी व्याख्यानांतून समजावलं.

पुढे १९३० मध्ये आयनर लुंड्सगार्ड यांनी दाखवलं की, लॅक्टिक आम्ल तयार न होताही स्नायू आकुंचन पावतो. हिल यांच्या सिद्धांताचा पायाच त्यामुळे हलला. पण आपलं म्हणणं रेटत न बसता त्यांनी हा बदल जाहीरपणे मान्य केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते भारतात आले होते. इथल्या वैज्ञानिक संशोधनावरच्या त्यांच्या अहवालाचा 'एम्स'च्या कल्पनेला हातभार लागला. १९७७ मध्ये त्यांचं निधन झालं.

कर्जाचा तो हिशेब आज जसाच्या तसा मानला जात नाही. मात्र व्यायामानंतर शरीर सावरायला जादा ऑक्सिजन घेतं, हे खरं ठरलं. जोरदार व्यायामानंतर मुलं मोठ्यांपेक्षा लवकर सावरतात. रोज खेळणाऱ्या मुलांचं हृदय एका ठोक्यात जास्त रक्त पुढे ढकलतं आणि नाडी लवकर पूर्ववत होते. म्हणून धाप लागली की मूल अशक्त आहे, असा निष्कर्ष लगेच काढू नये. त्याला दम खाऊ द्यावा आणि उद्या पुन्हा खेळायला पाठवावं. धाप नेहमीच लागत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं.