शास्त्रज्ञांची ओळख : फ्रिट्झ झ्विकी

विद्यार्थी मित्रांनो, हळ्ळीखेडच्या शिवारात ज्वारी राखताना फिरणारी गोफण तुम्ही पाहिली असेल. दगड जितका जोरात फिरेल, तितकी दोरी बळकट लागते. हाच विचार फ्रिट्झ झ्विकी यांनी आकाशाला लावला.

त्यांचा जन्म १४ फेब्रुवारी १८९८ रोजी बल्गेरियातील वार्ना येथे झाला. शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये घेऊन १९२५ साली ते अमेरिकेत कॅलिफोर्नियाला गेले.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचे कुटुंब. १९३३ साली अरुंधती-केश तारकासमूहाच्या दिशेला दिसणाऱ्या शेकडो दीर्घिकांच्या समूहाचा त्यांनी अभ्यास केला. दीर्घिकांचा वेग इतका होता, की दिसणाऱ्या ताऱ्यांचे गुरुत्वाकर्षण त्यांना धरून ठेवायला अपुरे पडत होते. तरी समूह विखुरला नव्हता. म्हणजे तेथे न दिसणारे पुष्कळ द्रव्य असले पाहिजे! त्याला त्यांनी कृष्णद्रव्य म्हटले.

अनेक वर्षे याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. तरी ते खचले नाहीत. सहकाऱ्यांसह त्यांनी दीर्घिकांची सहा खंडांची सूची तयार केली. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या ग्रंथालयांसाठी पुस्तके जमवली. ८ फेब्रुवारी १९७४ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढे व्हेरा रुबिन यांच्या निरीक्षणांनी त्यांच्या विचाराला बळ मिळाले. जवळजवळ प्रत्येक दीर्घिकेभोवती कृष्णद्रव्याचे प्रभामंडल असते आणि जेथे ते प्रचंड, तेथे दीर्घिकांची दाटी होते, असे आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पुण्याच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली जाहीर केलेला 'सरस्वती' महासमूह ही अशीच दाटी होय.

कृष्णद्रव्य कशाचे बनले आहे, हे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. मुलांनो, ते तुमची वाट पाहत आहे.