वकिली सोडली, धंदा सोडला, पण मालावरचा शिक्का नाही सोडला : अर्देशीर गोदरेज

घाटकोपर सोडून लोकल मुलुंडच्या दिशेने निघाली की विक्रोळी येतं. आणि विक्रोळी म्हटलं की गोदरेज. इस्रोच्या रॉकेटमधल्या विकास इंजिनाचं काम आज इथे होतं. पण या सगळ्याची सुरुवात झाली ती शस्त्रक्रियेच्या सुऱ्या आणि चिमट्यांपासून.

अर्देशीर गोदरेज यांचा जन्म 1868 सालचा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. शिकले वकिली. 1894 मध्ये एका खटल्यासाठी झांझिबारला गेले. तिथे अशिलासाठी सत्य वाकवायची वेळ आली, तेव्हा त्यांनी वकिलीच सोडली.

मुंबईत परतून ते एका औषधाच्या दुकानात सहायक म्हणून लागले. तिथूनच शस्त्रक्रियेची उपकरणं बनवण्याची कल्पना सुचली. मेरवानजी कामा यांनी 3,000 रुपये कर्ज दिलं.

आता हे काम सोपं नव्हतं. अशा उपकरणाचा पृष्ठभाग गुळगुळीतच हवा. कारण बारीक ओरखड्यात घाण अडकते आणि गंजही तिथूनच धरतो.

माल चांगला झाला. घेणाऱ्यालाही तो पसंत पडला. पण झालं असं की, त्यावर मेड इन इंडिया असा शिक्का मारायला त्याने नकार दिला. देशी म्हटल्यावर कोणी घेणार नाही, असं त्याचं म्हणणं. अर्देशीर अडून बसले. शिक्का नाही तर व्यवहार नाही. धंदा तिथेच बंद पडला.

त्याच सुमारास मुंबईतल्या घरफोड्यांच्या बातम्या त्यांच्या वाचनात आल्या. पुन्हा कामांचीच मदत घेऊन 7 मे 1897 रोजी लालबागच्या एका छोट्या शेडमध्ये कुलपांचा कारखाना सुरू झाला.

लिव्हरच्या कुलपात धातूच्या पट्ट्या असतात. किल्लीने प्रत्येक पट्टी नेमकी ठरलेल्या उंचीवर उचलली, तरच कुलूप उघडतं. पट्टीची कड खरखरीत राहिली तर ती अडकते. फट जास्त राहिली तर चोराचं काम सोपं होतं. पुढे अर्देशीर यांनी स्प्रिंग नसलेलं कुलूप बनवलं. पट्टी मागे ढकलायला स्प्रिंगच नाही म्हटल्यावर ती सहज सरकणं आणखी महत्त्वाचं.

हा खरखरीतपणा आज आकड्यात मोजतात. हिऱ्याची बारीक सुई भागावरून फिरते, उंचसखलपणा टिपते आणि त्याची सरासरी मायक्रॉनमध्ये देते. माणसाचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो. चांगलं ग्राइंडिंग केलेल्या भागावर हा आकडा 0.4 च्या आसपास असतो. पण हे काम करणारं टॅलिसर्फ यंत्र इंग्लंडमध्ये आलं 1941 मध्ये. त्याआधी बहुतेक ठिकाणी कारागिराचं नख आणि डोळा हेच मोजमाप होतं.

अर्देशीर यांनी ते यंत्र पाहिलंच नाही. 1936 मध्ये ते गेले. विक्रोळीची जमीनही त्यांचे भाऊ पिरोजशा यांनी 1943 मध्ये घेतली. पुढच्याच वर्षी मुंबई गोदीत भीषण स्फोट झाला. त्या आगीतून निघालेल्या गोदरेजच्या तिजोऱ्यांमधला ऐवज शाबूत होता.

एकेकाळी ज्या शिक्क्यामुळे माल विकला जाणार नाही असं सांगितलं गेलं, तो शिक्का असलेल्या मालावर लोक आता आपली आयुष्यभराची कमाई सोपवत होते.