रमाबाईंनी ऐकलेली हाक

सकाळच्या वेळी हिंगणा रोडवर उभं राहिलं, की एमआयडीसीच्या शिफ्टच्या गर्दीत नर्सिंग कॉलेजच्या मुली हमखास दिसतात. कुणी डिगडोहला उतरते, कुणी वानाडोंगरीला. शिकता शिकता या मुली आसपासच्या वस्त्यांत घरोघरही जातात. कुठल्या तरी घरात बौद्धिक अक्षमता असलेलं, म्हणजे आपण आजवर सरसकट ‘मतिमंद’ म्हणत आलो ते मूल असतं. त्याला काय दुखतंय, हे विचारायचं तरी कसं? त्याला सांगता येत नाही आणि घरचे म्हणतात, तो तसाच आहे हो!

मैत्रिणींनो, अशा वेळी पंडिता रमाबाई आठवतात. शाळेच्या पुस्तकात भेटलेली संस्कृतची विदुषी आपल्याला ठाऊक असते. ज्यांना कुणी विचारत नाही त्यांची शुश्रूषा करणारी रमाबाई मात्र फारशी कुणी सांगत नाही.

जन्म 23 एप्रिल 1858 चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं. सारं कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर पायी फिरलं. दुष्काळात आई, वडील आणि मोठी बहीण गेली. भुकेनं माणसाचं काय होतं, ते रमाबाईंनी स्वतःच्या घरातच पाहिलं. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हणून गौरवलं. 1880 मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी लग्न झालं आणि दोनच वर्षांत वैधव्य आलं. पदरात तान्ही मनोरमा होती.

1882 मध्ये पुण्यात हंटर कमिशनपुढे साक्ष देताना त्यांनी ठासून सांगितलं, की या देशातल्या बायकांना बाई डॉक्टर हव्यात. पुरुष डॉक्टरापुढे दुखणं सांगायची लाज वाटून बायका तशाच मरत होत्या. आपणच डॉक्टर व्हावं म्हणून त्या 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या. पण कानांनी दगा दिला. ऐकू येणं कमी होत चाललं होतं, त्यामुळे वैद्यकीचं दार बंद झालं. तिथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यावरून इकडे मोठं वादळ उठलं. पुढे अमेरिकेत त्यांनी बालवाडीची नवी पद्धत समजून घेतली. हातांनी काही करत करत मूल शिकतं, ही त्यातली मुख्य गोष्ट.

1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. मग 1896-97 चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि हाडांचा सापळा झालेल्या मुली घेऊन आल्या. त्याच सुमारास पुण्यात प्लेग आला. प्लेगच्या इस्पितळात बायकांची नीट काळजी घेतली जात नाही, हे त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहून उघड केलं. तो प्रश्न थेट लंडनच्या पार्लमेंटात पोचला.

दौंडजवळ केडगावला ‘मुक्ती’ उभी राहिली. 1900 पर्यंत तिथे दीड हजारांवर माणसं होती. त्यात अंध होत्या, अधू होत्या, म्हाताऱ्या होत्या आणि बुद्धीनं मागे राहिलेल्याही होत्या. शारदा सदनात शिकून तयार झालेल्या मुली नव्या मुलींना सांभाळायच्या. शेती, विणकाम, छापखाना असं ज्यांना झेपेल ते काम मिळायचं. अंध मुली ब्रेल शिकायच्या. 1921 मध्ये मनोरमा गेली आणि पुढच्या वर्षी, 5 एप्रिल 1922 ला रमाबाईही गेल्या.

आज नर्सिंगच्या अभ्यासात हाच विषय आकड्यांनिशी मांडला जातो. ब्रिटनमध्ये 2013 साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. बौद्धिक अक्षमता असलेले पुरुष इतरांपेक्षा सरासरी 13 वर्षं आधी जातात आणि बायका 20 वर्षं आधी, असं त्यात दिसलं. बरेचदा आजार कळतच नाही, कारण प्रत्येक लक्षण ‘त्याच्या स्वभावाचं’ मानलं जातं. मूल डोकं आपटतं तेव्हा कान ठणकत असेल. जेवण टाकतं तेव्हा दाढ दुखत असेल. मुलगी महिन्यातून ठरावीक दिवशी चिडत असेल तर पाळीचा त्रास असेल. या गोष्टी रोज बघून तारखेनिशी लिहून ठेवायच्या. संशोधनाची सुरुवात इथूनच होते आणि हे काम आईलाही जमतं.

अशा प्रत्येक आईला एकच घोर असतो, माझ्यामागे याचं कसं होणार? हे ओझं एकटीच्या डोक्यावर ठेवायचं नाही, चार हात तयार करायचे, एवढं रमाबाईंनी करून दाखवलं. तेव्हा हातात वही घेतलेली नर्सिंगची मुलगी तुमच्या दारात आली, तर लेकराला आतल्या खोलीत ठेवू नका. तिला आत बोलवा, लेकराजवळ बसवा आणि तुम्हाला जे जे दिसलंय ते सगळं सांगा.